अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन

अन्नदानासारखे दुसरे दान नाही, असे आपल्या समाजात पूर्वापार मानले जाते. यजमानाच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु त्या पानावर बसणाऱ्याच्या मनाचा विचार फारसा कोणी केलेला आढळत नाही. मागील पिढ्यांतील कित्येक कर्तबगार पुरुष बालपणी वार लावून जेवले आणि शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे त्यांचे आठवड्याचे पान ठरलेले असे. अन्न पोटात जाई, पण त्याबरोबर मिंधेपणाचा एक घासही गिळावा लागे. याच विद्यार्थ्याने पुढे नोकरी लागल्यावर खानावळीत स्वतःचे पैसे टाकून पहिले ताट घेतले, तेव्हा त्यास जे वाटले असेल ते समाधान कोणत्याही पक्वान्नात नसते.

हे सूक्ष्म सत्य ओळखून ज्याने एका संपूर्ण राष्ट्राच्या जेवणाची व्यवस्था केली, अशा एका पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. हा पुरुष आपल्या देशाचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्नमंत्री म्हणून गाजलेले लॉर्ड वुल्टन ते हेच. वसतिगृहे, भोजनगृहे व सहकारी भांडारे चालविणाऱ्या, किंवा चालवू इच्छिणाऱ्या, कोणत्याही समाजाने त्यांच्या कार्याची ओळख करून घ्यावी, अशा योग्यतेचे ते आहे.

लॉर्ड वुल्टन यांचे मूळ नाव फ्रेडरिक जेम्स मार्क्विस. त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १८८३ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड या गिरणगावात झाला. वडील घोड्यांचे खोगीर बनविण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताचीच होती; तथापि मुलगा हुशार निघाल्याने त्यास मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये व नंतर मँचेस्टर विद्यापीठात शिकता आले. समाजशास्त्राचा अभ्यास करीत विद्यापीठातच राहावे ही त्यांची इच्छा होती. पण परिस्थितीने ती लगेच पुरी होऊ दिली नाही, आणि बर्नली येथील शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून त्यांस नोकरी धरावी लागली.

पुढे ते लिव्हरपूल येथे गेले आणि गोदीच्या कामगारांच्या वस्तीत राहून समाजसेवेचे कार्य करू लागले. विद्यापीठातील सुशिक्षितांनी गरिबांमध्ये जाऊन राहावे, त्यांचे जीवन जवळून पाहावे, अशी एक चळवळ त्या काळी इंग्लंडात होती. तिचेच हे एक केंद्र होते. तेथे राहत असताना एक घटना घडली. त्यांच्या अगदी शेजारच्या घरातील एक स्त्री मरण पावली, आणि तिच्या मृत्यूचे कारण उपासमार हे होते असे नंतर कळून आले. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात माणूस भुकेने मरतो आणि समाजसेवा करावयास आलेल्या आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही, या जाणिवेने तरुण मार्क्विस हादरून गेले. ती स्त्री कोणाच्या दारी मागावयास गेली नव्हती. आपल्या आठवणींचे पुस्तक त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यातही या प्रसंगाचा त्यांनी उल्लेख केला आहे. भुकेला माणूस मागेलच असे नाही, हा धडा त्यांस तेथे मिळाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा प्रकृतीच्या कारणास्तव त्यांस सैन्यात घेतले गेले नाही. त्यांनी सरकारी खात्यात काम पत्करले, आणि चामडे व पादत्राणे यांच्या नियंत्रणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मालाचा साठा किती, गरज किती, भाव कोणता, आणि तो माल शेवटच्या माणसापर्यंत कसा पोहोचवावयाचा, या गोष्टींचे शिक्षण त्यांस येथे झाले. युद्ध संपल्यावर ते लिव्हरपूलच्या लुईसेस या मोठ्या वस्तुभांडारात शिरले. १९२८ साली ते त्याच्या संचालकांत आले व १९३६ साली अध्यक्ष झाले. १९३५ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. १९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा आपल्या भांडारांतून जर्मन माल विकला जाणार नाही असे त्यांनी जाहीर केले. सरकारला हा आगाऊपणा रुचला नाही व तसे त्यांस कळविण्यातही आले. १९३९ साली ते लॉर्ड झाले, तेव्हा लिव्हरपूलच्या वुल्टन या उपनगराचे नाव त्यांनी घेतले. याप्रमाणे खोगीरकाराचा मुलगा, गणिताचा शिक्षक, वस्तीतला समाजसेवक आणि मोठा दुकानदार, अशा चार पायऱ्या चढून आलेला हा मनुष्य एप्रिल १९४० मध्ये ब्रिटनचा अन्नमंत्री झाला. त्या वेळी तो कोणत्याही राजकीय पक्षाचा सभासद नव्हता.

त्या खात्यासमोरचा प्रश्न किती बिकट होता हे समजण्यास एक आकडा पुरे आहे. युद्धापूर्वी ब्रिटन दरसाल सुमारे २ कोटी टन अन्नपदार्थ बाहेरून आणीत असे. आता जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवू लागल्या होत्या. जानेवारी १९४० मध्येच लोणी, साखर व डुकराचे खारवलेले मांस यांचे रेशनिंग सुरू झाले होते. पाठोपाठ मांस, चहा, चरबी, मुरंबा, चीज यांची पाळी आली. प्रौढ माणसास आठवड्यास लोणी साधारणतः २ औंस, चहा २ औंस, साखर ८ औंस आणि अंडे बहुधा एक, असा हिशेब असे. दोन औंस म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास! मांस तर वजनावर नव्हे, किमतीवर मिळे. मात्र बटाटे व पाव यांवर युद्ध चालू असेपर्यंत रेशन बसले नाही. पोट भरण्यास काहीतरी मुक्त असलेच पाहिजे, नाहीतर लोकांचा धीर सुटतो, हे या धोरणामागचे तत्त्व होते. पांढरा पाव मात्र १९४२ साली बंद होऊन त्याच्या जागी कोंड्याचा अंश असलेला करडा राष्ट्रीय पाव आला. तो कोणासही आवडत नसे, पण सर्वांस सारखाच नावडता असल्याने त्याबद्दल फारशी तक्रार उरली नाही.

तथापि रेशनकार्डाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. कार्ड हे घरावर आधारलेले असते. ज्याचे घरच बाँबने उडाले त्याने कार्ड घेऊन कोठे शिजवावे? सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रोज रात्री बाँबवर्षाव होऊ लागला. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. ज्यांची घरे शाबूत होती त्यांचाही गॅस व पाणी वारंवार तुटे. अशा वेळी लंडन कौंटी कौन्सिलने शाळांच्या इमारतींतून शिजवलेले गरम अन्न देण्याची व्यवस्था सुरू केली. शिवाय कारखान्यांत रात्रंदिवस काम करणारे मजूर होते. डिसेंबर १९४१ पासून तर स्त्रियांनाही कायद्याने राष्ट्रकार्यास बोलावण्यात आले. बारा तास यंत्रावर उभी राहिलेली स्त्री घरी जाऊन रांगा लावणार केव्हा आणि चूल पेटविणार केव्हा? मोठ्या कारखान्यांत उपाहारगृहे निघाली. पण लहान कारखाने, कचेऱ्या, दुकाने येथील माणसांचे काय, हा प्रश्न उरलाच.

वुल्टन यांनी आपत्तीतली ही तात्पुरती सोय देशभर पसरविण्याचे ठरविले. गावोगावच्या नगरपालिकांनी सार्वजनिक भोजनगृहे काढावी, अन्नखात्याने त्यांस भांडी, चुली व इतर साहित्य यांसाठी भांडवल पुरवावे, आणि रोजचा खर्च मात्र भोजनगृहाने आपल्या उत्पन्नातून भागवावा, अशी ही योजना होती. कागदोपत्री त्यांस सामुदायिक भोजनकेंद्रे असे रूक्ष नाव देण्यात आले होते. पंतप्रधान चर्चिल यांस ते मुळीच पसंत पडले नाही. त्या नावास एकीकडे साम्यवादाचा, तर दुसरीकडे अनाथगृहाचा वास येतो, असे त्यांचे मत पडले. मार्च १९४१ मध्ये त्यांनी ब्रिटिश रेस्टॉरंट हे नाव सुचविले व तेच रूढ झाले. नावात काय आहे असे आपण म्हणतो. परंतु येथे नावातच सर्व काही होते. गरिबांस फुकट सूप वाढणाऱ्या धर्मार्थ पाकशाळा त्या देशात पूर्वीपासून होत्या, आणि त्यांच्या दारात उभे राहणे हा कामकरी माणसास आपला अपमान वाटे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली निघालेल्या राष्ट्रीय पाकशाळांनाही हाच संशय दूर सारावा लागला होता. रेस्टॉरंटात मात्र माणूस गिऱ्हाईक म्हणून जातो.

या भोजनगृहांची रोजची रीत जाणून घेण्यासारखी आहे. शाळेचे किंवा चर्चचे सभागृह, रिकामे पडलेले दुकान, जी जागा मिळेल तेथे लांब टेबले मांडून ते थाटले जाई. दारात शिरताच रांग असे. प्रथम खजिनदाराजवळ पैसे द्यावयाचे आणि निरनिराळ्या रंगांची बिल्ले घ्यावयाचे. सूपचा एक, मांस व भाज्यांच्या ताटाचा दुसरा, गोड पदार्थाचा तिसरा, चहाचा चौथा. मग फडताळाजवळ जाऊन तो तो बिल्ला देऊन आपले ताट आपणच उचलून आणावयाचे. वाढपी नाहीत, बक्षिशी नाही. तीन पदार्थांच्या जेवणास सुमारे ९ पेन्स पडत. त्या वेळच्या विनिमयाच्या दराने रुपयास १८ पेन्स येत. म्हणजे हे जेवण आठ आण्यांचे झाले. कूपन एकही द्यावे लागत नसे. त्यामुळे घरचे रेशन शाबूत राही व मजुरास दिवसा एक वेळ पोटभर गरम अन्न मिळे.

चालकांची कसोटी मात्र मोठी असे. उपाहारगृहांना कोटा मिळे तो वाढलेल्या जेवणांच्या संख्येवरून; आणि मांस, साखर व चरबी यांचा वाटा ताटामागे अगदी अल्प असे. तेव्हा त्या थोड्या मांसाला बटाटे, गाजर, कोबी, सलगम यांची जोड देऊन ताट भरावे लागे. मोठ्या शहरांत एका मध्यवर्ती पाकशाळेत अन्न शिजवून, उष्णता राखणाऱ्या डब्यांतून ते मोटारींनी निरनिराळ्या भोजनगृहांस पाठविले जाई. यात इंधन व मनुष्यबळ वाचे, पण डब्यात राहून भाज्यांची चव जाई. कोबी अतिशिजलेला असतो ही तक्रार तर कायमचीच होती. भाव वाढविला तर कामकरी येणार नाही, आणि भाव उतरविला तर पालिकेला तूट येणार, या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेने व्यवस्थापकाला चालावे लागे. काही भोजनगृहे तोट्यात गेली व बंद झाली. खासगी हॉटेलवाल्यांनीही सरकारी स्पर्धेविरुद्ध ओरड केली. तरीही १९४३ च्या शरदात देशात २,१६० ब्रिटिश रेस्टॉरंटे चालू होती आणि त्यांत दररोज सुमारे ६ लाख जेवणे होत.

या कार्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. १९३८ साली लेडी रीडिंग यांनी स्थापन केलेल्या महिला स्वयंसेवा संघटनेच्या हजारो भगिनी बाँबहल्ल्यानंतरच्या भोजनव्यवस्थेत आणि अशा भोजनगृहांत राबल्या. या लेडी रीडिंग म्हणजे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या द्वितीय पत्नी. विवाहापूर्वी त्यांनी दिल्लीस व्हाइसरॉयच्या परिवारात चिटणिसाचे काम केले होते. उमरावाची पत्नी आणि गिरणी कामगाराची पत्नी एकाच मोरीवर थाळ्या विसळीत आहेत, हे दृश्य त्या वर्गनिष्ठ देशात नवे होते. जेवणाऱ्यांचेही तसेच. कारकून, मजूर, शिक्षक, टायपिस्ट मुली, बाँबने घर गमावलेली म्हातारी, सारे एका टेबलाशी बसत आणि एकच पदार्थ खात. आपल्याकडे पंगतीतील भेद मोडण्यास साधुसंतांपासून समाजसुधारकांपर्यंत कित्येकांस झुंजावे लागले. तेथे हे काम काही अंशी टंचाईने केले.

काही अंशी म्हणावयाचे कारण असे की विषमता सर्वस्वी गेली नव्हती. श्रीमंतांची हॉटेले चालूच होती व तेथेही कूपन लागत नसे. त्यावर टीका वाढू लागली, तेव्हा जून १९४२ पासून कोणत्याही उपाहारगृहात एका जेवणास ५ शिलिंगांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन रुपयांपेक्षा, अधिक आकार घेऊ नये असा नियम झाला. उंची हॉटेलांस जागेचा वेगळा आकार लावण्याची मुभा राहिली, हा त्यातील कच्चा दुवा होय. काळा बाजारही अगदीच नव्हता असे नाही. परंतु सामान्य माणसाचा असा विश्वास बसला होता की आपल्या वाट्याचे आपणांस मिळणारच. आणि रेशनिंगचे सारे यंत्र कायद्यापेक्षा या विश्वासावर अधिक चालते.

हा विश्वास वुल्टन यांनी परिश्रमाने मिळविला होता. दुकानदारीत आयुष्य गेल्याने गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे त्यांस ठाऊक होते. नभोवाणीवरून ते गृहिणींशी साध्या, घरगुती भाषेत बोलत. टंचाई असेल तर आहे म्हणून सांगत, आणि पुरवठ्याची खात्री असल्याशिवाय नवे रेशन जाहीर करीत नसत. रोज सकाळी नभोवाणीवर पाककृतींचा पाच मिनिटांचा कार्यक्रम होई. सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी लात्री यांनी बटाटे, गाजर, फुलकोबी, सलगम व ओट यांचा बिनमांसाचा एक पदार्थ बसविला. तो वुल्टन पाय या नावाने प्रसिद्ध झाला. लोकांनी त्याची मनसोक्त थट्टा केली, आणि वुल्टन यांनी ती हसतमुखाने सहन केली. खात्याचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांच्या साहाय्याने त्यांनी जुलै १९४० पासून गर्भवती स्त्रिया, माता व पाच वर्षांखालील मुले यांस रोज एक पाइंट दूध अल्प दरात वा मोफत देण्याची योजना अमलात आणली. पुढे मुलांस संत्र्याचा रस व माशाचे तेल मिळू लागले. शाळांतील जेवणांची संख्याही युद्धाच्या अखेरीस दिवसाला १६ लाखांच्या घरात गेली. युद्धासारख्या आपत्तीतून बाहेर पडताना त्या देशातील बालमृत्यूंचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झालेले होते. लिव्हरपूलच्या शेजारणीचे ऋण या मनुष्याने अशा रीतीने फेडले.

परंतु या उज्ज्वल चित्राला एक काळी किनार आहे आणि भारतीय वाचकांस ती विसरता येणार नाही. ज्या १९४३ साली ब्रिटिश रेस्टॉरंटे भरभराटीस आली, त्याच साली त्याच साम्राज्यातील बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरून पडत होती. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. कलकत्त्याच्या फूटपाथवर पातळ पेजेसाठी रांगा लागल्या होत्या. हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांनी धान्याची जहाजे मागितली. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने थोडीच दिली. हे निर्णय एकट्या वुल्टन यांचे नव्हते. पण ज्या शासनाचे ते अन्नमंत्री होते त्याच शासनाचे ते होते. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले आणि वाटपाच्या शिस्तीने शहरास सावरले. कार्डे व रांगा यांच्या हकीकती घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. बंगालच्या खेड्यांत ना वेळीच कार्ड होते, ना खात्रीचा वाटा. समान वाटपाचे तत्त्व ज्यांस आपले मानले त्यांच्यापुरतेच राहिले. शेजारणीची भिंत सातासमुद्रांएवढी जाड झाली, की तिच्यापलीकडचा उपास ऐकू येत नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये वुल्टन यांच्याकडे पुनर्रचनेचे खाते आले व त्यांस युद्धमंत्रिमंडळात स्थान मिळाले. १९४५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा पराभव झाला, तेव्हा ते त्या पराभूत पक्षात शिरले आणि १९४६ पासून १९५५ पर्यंत त्याचे अध्यक्ष राहून त्यांनी त्याची संघटना पुन्हा उभी केली. सरकारी भोजनगृहे उभारणारा हा मनुष्य नियंत्रणे उठविण्याची घोषणा करणाऱ्या पक्षाचा सूत्रधार व्हावा, यात काहींना विसंगती दिसते. त्यांच्या दृष्टीने नियंत्रण हे संकटातले साधन होते, एवढेच म्हणता येईल. १९४७ च्या कायद्याने नगरपालिकांस ही भोजनगृहे पुढे चालविण्याची मुभा मिळाली, पण सतत तोटा होता कामा नये अशी अट होती. जुलै १९५४ मध्ये मांसावरील रेशन उठून सारे रेशनिंग संपले. सुबत्ता येताच लोक घरी व खासगी उपाहारगृहांत जेवू लागले, आणि ती लांब टेबले हळूहळू उचलली गेली. वुल्टन १९५६ साली अर्ल झाले आणि १४ डिसेंबर १९६४ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? सामुदायिक भोजनगृह चालविण्यास भांडी, जागा व निधी लागतो हे खरे. पण त्याहून अधिक तीन गोष्टी लागतात. ताटाचा भाव असा असावा की गरिबास तो देता यावा आणि तो दिल्याचे समाधानही मिळावे. हिशेब इतका चोख असावा की संस्था कोणाच्या मेहेरबानीवर जगू नये. आणि सर्वांच्या ताटात एकच अन्न पडावे, मग ते ताट अध्यक्षांचे असो की आश्रयास आलेल्या विद्यार्थ्याचे. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत किती पाने वाढली याची नोंद असते, व ती असावीही. त्याबरोबरच जेवून उठणारा किती ताठ मानेने उठला, आणि न मागता भिंतीपलीकडे कोण उपाशी राहिले, याचीही कोणीतरी नोंद ठेवावी, एवढीच या निमित्ताने सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.